उभ्याने ऐकलेली घंटा

३ जुलै

अहो,

पोचल्याचं पत्र मिळालं. दोन ओळी! वर्गात मुलांना ‘उत्तर सविस्तर लिहा’ म्हणून बजावणाऱ्या माणसाने बायकोला दोन ओळी पाठवाव्यात? मी परीक्षक असते तर अर्धाच गुण दिला असता.

हा कागद ओळखलात का? सहावी, भूगोल, सहामाही. माळ्यावर तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठाच्या गठ्ठा सापडला. एका बाजूने कोऱ्या आहेत. पाठकोरा कागद असताना नवा कशाला आणायचा? तेव्हा यापुढे माझी पत्रं अशीच येतील. आमदारांना शोभत नसेल तर पाकिटातून काढताना कुणाला दाखवू नका.

आईंची तब्येत आहे तशीच आहे. माझं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, तुम्ही निवडून आलात तेव्हाचे फटाके ऐकू आले नाहीत, पण शाळेची घंटा बरोबर ऐकू येते. मधल्या सुट्टीची घंटा झाली की हात पुढे करतात, गोळी द्या म्हणून. घड्याळ दाखवलं तर मान फिरवतात.

माझंही फारसं वेगळं नाही म्हणा. त्याच घंटेला मी अजून चहा टाकते, आणि हाताला सवय म्हणून दोन कप टाकते. तुम्ही मागच्या दाराने यायचात, उभ्या उभ्या प्यायचात, खडूचे पांढरे ठसे कपाच्या कानावर ठेवून जायचात. आता दुसरा कप मीच पिते. टाकून कसा द्यायचा? चार वर्षं दोन कप चहा पिऊन माझी झोप उडाली आहे, ते खातं तुमच्या नावावर.

गावात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. लहान शाळा बंद करून मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवायची, हा सरकारचा कायदा या अधिवेशनात होणार आणि यादीत आपली शाळा आहे, हे आता पोरासोरांनाही ठाऊक आहे. आणि असा मोठा रस्ता मधे येतो तिथली शाळा वगळावी, अशी दुरुस्ती तुम्ही त्यात मांडणार आहात हेही. रस्ता ओलांडून मुलगे जातील एकवेळ, मुलींना कोण पाठवणार? मी रोज दिव्यापाशी तुमच्या दुरुस्तीसाठी बसते. देवाला आधी दुरुस्ती म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. मलाच नीट समजलं नव्हतं, पण सांगता सांगता समजलं.

जेवणाची आबाळ करू नका.

घरची

११ जुलै

हिशेबनीसबाई,

अर्धा गुण मान्य. हे उत्तर सविस्तर लिहितो.

खोली मागच्या वेळचीच. सोबती मात्र नवा आहे. पूर्वी रस्ते बांधायचा, म्हणून सगळे त्याला ठेकेदारच म्हणतात. माणूस दिलदार, पण घोरतो असा की वाटावं, रात्रीत नवा रस्ता दाबून काढतोय. सकाळी दारात रांग असते. बदली, बढती, नळजोडणी. परवा एकाचा अर्ज वाचता वाचता मी लाल पेन काढून त्यातली चुकीची वाक्यं दुरुस्त करून दिली आणि खाली ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारला. तो बिचारा तसाच अर्ज घेऊन मंत्र्याकडे गेला. ठेकेदार दोन दिवस हसत होता. म्हणाला, “मास्तर, तुम्ही निवडून आलात, पण सुटून आला नाहीत.”

सभागृहात तर आणखी गंमत. मी बोलत होतो आणि मागच्या बाकांवर गप्पा रंगल्या होत्या. तोंडातून निघून गेलं, “मागे काय चाललंय?” सगळं सभागृह चिडीचूप. अध्यक्षसुद्धा ताठ बसले. मग असा हशा पिकला की माझं पुढचं बोलणं वाहून गेलं.

इथेही घंटा आहे, बरं का. नुसत्या होय-नाहीच्या आरोळ्यांवर भागलं नाही, एकेक मत मोजायचं ठरलं, की ती वाजते. मग जो जिथे असेल तिथून धावत आत येतो, कारण वाजायची थांबली की दारं बंद. मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं. आपल्याकडे घंटा झाली की सगळे धावत बाहेर, इथे धावत आत.

तुझ्या पत्राची दुसरी बाजूही वाचली. प्रश्न पहिला सोडवला, दुसरा सोडवला. तिसरा ‘वारे का वाहतात?’ हा मात्र सोडवताना थांबलो. तो धडा शिकवायला किती वर्षं झाली!

तू चहाचं लिहिलंस म्हणून सांगतो. वर्गात माझी पाठ आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला असायची. तू भांडी विसळायला घेतलीस की मी ओळखायचो, आता तास संपत आला. मुलांना वाटायचं मास्तरांच्या अंगातच घड्याळ आहे. इथल्या भिंतीपलीकडे लिफ्ट आहे. ती कुठल्याही वेळी वाजते आणि तिच्यावरून काहीच कळत नाही.

दुरुस्ती चोवीस तारखेला येईल. आमच्या पक्षाचे गटनेते, ते वकीलसाहेब, म्हणतात की मतं काठावर आहेत, समोरचेही काहीजण येतील. रोज रात्री भाषणाची तयारी करतो. म्हणजे ठेकेदार झोपेपर्यंत. नंतर शक्य नसतं.

मास्तर

१८ जुलै

अहो,

मागे काय चाललंय हे वाचून मी इतकी हसले की आईंनी विचारलं, काय झालं. कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग? गप्प बसले ना? झालं तर!”

घंटाकाका रोज फाटकापाशी थांबून विचारतात, “मास्तरांचं काही आलं?” शाळेचे शिपाई ते, पण तुम्ही गेल्यापासून मुख्याध्यापकांपेक्षा त्यांनाच शाळेची जास्त काळजी. परवा शिडी लावून घंटा खाली घेतली, राखेने घासली, परत टांगली. म्हणे, चोवीस तारखेला मास्तर बोलणार, त्या दिवशी ती मळकी नको. मी म्हटलं, तिकडे कुणाला दिसणार आहे? तर म्हणाले, “बाई, दिव्यापाशी तुम्ही बसता ते तरी कुणाला दिसतं?”

तुमची पाठ भिंतीला होती हे मला माहीत नव्हतं. मी विळी घेऊन त्याच भिंतीला टेकून बसायची. म्हणजे मधे विटा सोडल्या तर आपण पाठीला पाठ लावून बसत होतो की हो इतकी वर्षं. मला तुमचा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. वाऱ्यांचा धडा आला की आवाज बदलायचा. हळू व्हायचा, मग मोठा, मग पुन्हा हळू. वर्षातून एकदा यायचा तो धडा. मी त्या दिवशी भाजी मुद्दाम सावकाश चिरायची.

मुदत मार्चमध्ये संपते ना? पुढच्या खेपेला पुन्हा उभे राहणार का, हे मी विचारत नाही. विचारलं नाही असंच समजा.

दुरुस्ती होऊ दे. बाकीचं नंतर.

घरची

२६ जुलै

हिशेबनीसबाई,

वर्तमानपत्र माझ्या पत्राच्या आधी पोचेल. दुरुस्ती पडली. दोन्ही बाजूंना सारखीच मतं झाली आणि अध्यक्षांना आपलं मत द्यावं लागलं. ते सरकारच्या बाजूने गेलं. तशी रीतच आहे. त्यांचा दोष नाही.

मतमोजणीच्या वेळी मी आत नव्हतो. मला घेरी आल्यासारखं झालं म्हणून बाहेर गेलो होतो. आता बरा आहे. काळजी करू नकोस.

आईंना काही सांगू नकोस.

मास्तर

२ ऑगस्ट

अहो,

घेरी कशी आली? सकाळी काही खाल्लं नव्हतंत ना? भाषण असलं की तुम्ही उपाशी जाता, हे मला माहीत आहे. डॉक्टरांना दाखवलंत का? काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहा. ‘काळजी करू नकोस’ असं लिहिलं की काळजी थांबते, असं कुठल्या पुस्तकात आहे? मी निघून आले असते, पण आईंना कुणाच्या जिवावर टाकून येऊ?

दुरुस्तीचं मनाला लावून घेऊ नका. देवाच्या मनात नव्हतं म्हणायचं. माणूस बरा तर सगळं बरं.

इकडे सगळं ठीक. लोक काही म्हणत नाहीत. घंटाकाका हल्ली फाटकापाशी थांबत नाहीत, पाय दुखतात वाटतं त्यांचे. रस्त्याकडच्या भिंतीला परवा मी चुना दिला. एकच भिंत दिली, बाकीच्या आहेत तशाच आहेत. चांगली पांढरीफेक दिसते.

दूध घ्यायला हल्ली मी जरा उशिरा जाते, गर्दी नसते. बाकी काही नाही.

डॉक्टरांकडे जा. माझी शपथ आहे.

घरची

९ ऑगस्ट

हिशेबनीसबाई,

तू एकच भिंत चुन्याने रंगवलीस. भर पावसाळ्यात. घरातला चुना संपला तर नवा आणायला दोन वर्षं विचार करणारी तू! मी ते वाक्य चारदा वाचलं. भिंतीवर काय लिहिलं होतं ते तू मला सांगणार नाहीस आणि मी विचारणार नाही. कोळशाने लिहिलं असणार. नुसत्या फडक्याने पुसून जात नाही ते. वर्तमानपत्रांनी मथळा दिला, ‘आपल्याच दुरुस्तीला आमदार गैरहजर’, त्याचा अर्थ लोकांनी एकच घेतला असणार. मास्तर विकला गेला.

मला घेरी आली नव्हती. तुला खोटं लिहिलं. आता जे झालं ते लिहितो. ते खोट्यापेक्षाही खोटं वाटेल असं आहे.

त्या दिवशी मी फार चांगला बोललो. माझ्या तोंडून हे बरं दिसत नाही, पण बोललो. कागद बाजूला ठेवला आणि आपली शाळाच सांगितली. बाक, फळा, दारातला चपलांचा ढीग, मोठा रस्ता, पहिल्या रांगेतल्या मुली. मागच्या बाकांवर कुणी बोलत नव्हतं. शेवटी शेवटी तर मला पुढे आमदार दिसतच नव्हते, वर्ग दिसत होता. बोलणं संपलं. होय-नाहीच्या आरोळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, मतं मोजा. मी अजून उभाच होतो, खाली बसायचं राहून गेलं होतं. आणि घंटा वाजली.

मी कागद गोळा केले आणि बाहेर गेलो.

एवढंच. कुणी अडवलं नाही, सगळे आत येण्याच्या घाईत होते. मी त्यांना वाट करून देत बाहेर पडलो. मनात काही विचार नव्हता. तास संपला, आता हात धुवायचे. व्हरांड्याच्या टोकाला नळ आहे. तिथे उभा राहून मी हात धुतले. नीट, बोटांच्या पेरांमधून. मग पाहिलं तर पाणी स्वच्छच वाहत होतं. हाताला खडू नव्हताच. तेव्हा कळलं. धावलो, बाई. या वयात धावलो. पण दारं लागली होती. दारावरचा शिपाई म्हणाला, “साहेब, आता नाही.”

याआधीही ती घंटा ऐकली होती. पण प्रत्येक वेळी बाकावर बसलेला होतो. बसून ऐकली की मी आमदार असतो. उभ्याने ऐकली आणि मास्तर झालो.

हे ठेकेदारालाही सांगितलेलं नाही. कुणाला सांगणार? आणि सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार?

आता दुसरी गोष्ट. वकीलसाहेबांनी काल बोलावलं होतं. ते म्हणाले, तुम्ही बाहेर का गेलात ते मी विचारत नाही. आपण असं जाहीर करू, की सरकारने दुरुस्तीचे शब्द ऐनवेळी पातळ करायला लावले, म्हणून तुम्ही निषेध म्हणून सभागृह सोडलं. पक्ष पाठीशी उभा राहील. लोक डोक्यावर घेतील. पुढच्या वेळचं तिकीट पक्कं, आणि सरकार आपलं आलं तर शिक्षणखातं तुमच्याशिवाय कुणाला देणार? मग हाच कायदा तुम्हीच बदला. टाइप केलेला कागद तयार होता. फक्त सही हवी.

मी दोन-तीन आठवडे मागून घेतले आहेत. शब्द पातळ झाले होते हे थोडंसं खरंही आहे. एक शब्द बदलला होता. आणि शाळा परत उघडायची तर मला इथे राहायला हवं. पण तो कागद समोर आला की मला तो नळ दिसतो.

तू सांगशील तसं करतो.

मास्तर

१७ ऑगस्ट

अहो,

विश्वास कोण ठेवणार म्हणता? मी ठेवते. पूर्ण. पत्र वाचताना आधी हसले. खरंच हसले, रागावू नका. मग पदर डोळ्याला लावला.

अहो, जगात हे फक्त मलाच कळणार होतं. घंटा झाली की तुम्ही घास हातात असताना उठलात. सदऱ्याचं एक बटण लागायचं राहिलेलं असताना गेलात. एकदा तर आपलं चांगलं कडाक्याचं भांडण चाललं होतं, माझी बाजू वरचढ होती, आणि घंटा झाली तर तुम्ही निघून गेलात आणि परत आलात तेव्हा भांडण विसरलेले होतात. मी मात्र दिवसभर ते धरून बसले होते.

आणि लग्नानंतरचा पहिला आठवडा तुम्हाला आठवायचा नाही. सकाळची वेळ होती. मी धीर करून तुम्हाला काहीतरी विचारायला निघाले होते. “मला एकदा तुमच्या,” एवढंच म्हणाले आणि शाळेची घंटा झाली. तुम्ही उठलात, “आलोच,” म्हणालात आणि गेलात. ते वाक्य अजून माझ्याजवळ तसंच आहे, अर्धं. नंतर कधी विचारावंसं वाटलं नाही. रोज घंटा होतच होती.

तेव्हा कोणी काही म्हणो, तुम्ही त्या नळावर हात धुतलेत यात मला तिळभर शंका नाही. बोटांच्या पेरांमधून, हेही बरोबर.

आता सहीचं. तुम्ही म्हणता मी सांगेन तसं करता. मी चार दिवस देवासमोर बसून विचारते आहे, आणि उत्तर काय येतं त्यापेक्षा ते कुणाकडून येतं याचीच मला भीती वाटते.

तुम्हाला खरं तेच सांगा म्हणाले, तर लोक हसतील, तिकीट जाईल आणि तुम्ही मार्चमध्ये घरी याल. आणि मला तुम्ही घरी यायला हवे आहात. किती, ते लिहिता येत नाही. दोन कप चहा टाकते ते काही नुसत्या सवयीने नाही. सवय चार वर्षांत मोडली असती. मग मी तुम्हाला ‘खरं बोला’ म्हणाले, तर ते देवासाठी असेल की माझ्यासाठी? मला वेगळं काढता येत नाही. डाळीतले खडे मी अंधारातसुद्धा निवडते, पण हे निवडता येत नाही.

आणि उलट सांगितलं, सही करा, शाळा परत उघडेल, गावच्या मुलींचं भलं होईल, तर त्यातही मी स्वतःला फार मोठी त्यागी ठरवून घेईन. तेही नको.

म्हणून मी सांगत नाही. या एका बाबतीत माझं मत धरू नका, त्याच्यात माझा स्वार्थ आहे. तुम्ही जे कराल ते झाल्यावर मी तुमच्याच बाजूला असेन, एवढं मात्र आधीच लिहून देते.

भिंत अजून पांढरीच आहे. पुन्हा कुणी काही लिहिलेलं नाही. पहिल्यांदा लिहिलं होतं ते ‘विकला’ असंच. विचारणार नाही म्हणालात, म्हणून सांगितलं.

घरची

३० ऑगस्ट

हिशेबनीसबाई,

काल सांगून टाकलं. सभागृहातच. अध्यक्षांची परवानगी घेतली, व्यक्तिगत खुलासा करायचा आहे म्हणून. वकीलसाहेबांना वाटलं, मी तो कागदच वाचणार. ते बाक वाजवायच्या तयारीत पुढे सरकून बसले होते.

तू ‘माझं मत धरू नका’ लिहिलंस तेव्हा मी आधी चिडलो होतो. ऐन वेळी हात काढून घेतला, म्हटलं. मग दोन दिवसांनी लक्षात आलं. इथे शेकडो माणसं रोज मला सल्ला देतात. ‘त्यात माझा स्वार्थ आहे’ असं आजवर एकानेही सांगितलेलं नाही. त्यानंतर त्या कागदावर सही करायला हात वळेना.

मी उभा राहिलो आणि जे झालं तसंच्या तसं सांगितलं. उभा होतो, घंटा झाली, बाहेर गेलो, हात धुतले. पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग मागून एकाने “मास्तर, सुट्टी झाली का?” म्हणून ओरडून विचारलं आणि छप्पर उडालं. समोरचे हसले, आमचे हसले, अध्यक्षांनी तोंडापुढे कागद धरला. त्या कागदाचे कोपरे हलत होते. मी हसू ओसरेपर्यंत थांबलो. तेवढी सवय आहे. मग म्हणालो, “माझ्या पायांची चूक झाली, तिची शिक्षा माझ्या गावच्या मुलींना झाली. त्यांची मी या सभागृहात माफी मागतो.” आणि बसलो. या वेळी आठवणीने बसलो.

आज वर्तमानपत्रात चित्र आहे. माझ्या डोक्याच्या जागी घंटा काढली आहे. बरी काढली आहे. कान माझेच आहेत.

संध्याकाळी वकीलसाहेबांचा निरोप आला, पुढच्या वेळी पक्ष दुसऱ्या नावाचा विचार करतो आहे. ठेकेदार मात्र रात्री घोरला नाही. जागाच होता. म्हणाला, “मास्तर, मी दोन पूल बांधले. एक पडला. मी पावसाचं नाव सांगितलं होतं.” मग कूस वळवून झोपला.

कायदा मंजूर झाला. शाळा दिवाळीआधीच हलवायची म्हणतात. भाषण चांगलं झालं, बाई, आणि शाळा गेली.

अधिवेशन सतराला संपतं. उरलेल्या मुदतीतली कामं घरी बसून पत्रांनी करता येतील. आलेलं चालेल का? गावात तोंड दाखवायला लाज वाटते. तुला दाखवायला वाटत नाही.

ते अर्धं वाक्य मला खरंच आठवत नाही. काय विचारणार होतीस?

मास्तर

७ सप्टेंबर

अहो,

चालेल का, असं विचारता? असल्या प्रश्नांना उत्तर देत बसले तर कागद संपेल.

गावात ते चित्र पोचलं. दूधवाल्याकडे चिकटवलं आहे. मी या वेळी गर्दीच्या वेळीच गेले. दोघं-तिघं हसली. मीही हसले. त्यांना काय करावं कळेना, मग दूधवाल्याने माप जरा वाढवून दिलं. हसणं सोसवतं हो. त्या भिंतीवरचा शब्द सोसवत नव्हता.

परवा घंटाकाका आले. फाटकापाशी नाही, आत आले, प्रथमच ओट्यावर बसले. महिनाभर माझ्याकडे पाहिलं नव्हतं त्यांनी. बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. मग म्हणाले, “बाई, गाव हसतंय. मला हसू येत नाही. मास्तरांच्या पायांना ती खोड मीच लावली. मी वाजवायचो, ते उठायचे. एकदाही उशीर नाही. मला केवढा अभिमान होता त्याचा.” आणि डोळे पुसले. मी दोन कप चहा टाकलाच होता. दुसरा त्यांना दिला.

जाताना म्हणाले, मुलं उद्यापासून पलीकडच्या शाळेत जाणार, सामान महिनाअखेर न्यायचं आहे, किल्ली तोवर त्यांच्याकडेच आहे. घंटा पलीकडच्या शाळेला नको, त्यांच्याकडे विजेची आहे. “शेवटची घंटा मास्तर आल्यावर वाजवतो, त्यांच्या समोर.” मी म्हटलं, “नको. आज वाजवा, काय वाजवायची ती. ते आल्यावर नको.” काका गेले आणि वाजवली. खूप वेळ वाजवली. आईंनी गोळीसाठी हात पुढे केला. गोळीची वेळ नव्हती. मी नुसताच त्यांचा हात धरून बसले.

आता घंटा नाही, तेव्हा वाक्य पुरं करते. हसू नका. मी तुम्हाला विचारणार होते, “मला एकदा तुमच्या वर्गात येऊन बसता येईल का?” एवढंच. नवी नवरी होते. मॅट्रिक पास झाले होते, पुढे शिकायला मिळालं नव्हतं. नवरा भिंतीपलीकडे दिवसभर बोलतो, मुलं ऐकतात, आणि मला फक्त आवाज. शब्द एकदा ऐकावेत, असं वाटलं होतं. अजून वाटतं.

बाक अजून जागेवर आहेत. फळाही आहे. काकांनी वर्ग झाडून ठेवतो म्हणून सांगितलं आहे. मी मागच्या बाकावर बसेन. तुम्हाला संकोच वाटायला नको.

या कागदाची दुसरी बाजू बघा. शोधून तोच घेतला आहे. प्रश्न तिसरा.

घरची

१२ सप्टेंबर

हिशेबनीसबाई,

अठराला सकाळच्या गाडीने येतो. सामान थोडंच आहे. लाल पेन ठेकेदाराने आठवण म्हणून मागून घेतलं.

मागचा बाक चालणार नाही. पहिल्या बाकावर बसायचं. मागे बसणाऱ्यांना मी काय विचारतो, ते तुला ठाऊक आहे.

प्रश्न तिसरा इथे सोडवत नाही. तो फळ्यावर चित्र काढून, सावकाश शिकवायचा धडा आहे. जिथली हवा विरळ होते तिकडे वारा का धावतो, ते तुला माझ्या तोंडून ऐकू दे. त्या दिवशी भाजी चिरायची नाही.

खडू असेल तर बघून ठेव. आणि तास संपल्यावर मी हात धुवायला घरीच येईन.

मास्तर